गोधडी भिंतीवर की अंगावर? : ॲलिस वॉकरच्या एका कथेच्या निमित्ताने

१

दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याचा उल्लेख होणे ही काही नवी गोष्ट नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा ‘पँथर’ हा शब्दच मुळी अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीकडून आला. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिथल्या काळ्या लेखकांच्या विद्रोहाकडे आमच्या पहिल्या पिढीचे लक्ष वेधले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. ‘निग्रो’ हा शब्द त्या समाजाने पुढे टाकून दिला. पण तो ग्रंथ वाचून आमच्यापैकी कित्येकांना आपण जगात एकटे नाही हे प्रथम कळले, याचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मात्र एक गोष्ट येथे नमूद करावी लागते. आमच्या व्याख्यानांतून आणि चर्चासत्रांतून जी नावे सतत येत राहिली, ती रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन अशी सारी पुरुषांची होती. रस्त्यावरचा संघर्ष, पोलिसांची गोळी, मोर्चा आणि तुरुंग यांत आम्हाला आमचे प्रतिबिंब दिसले, आणि ते योग्यच होते. पण त्याच काळात काळ्या स्त्रिया काय लिहीत होत्या? त्या स्वतःकडे कोणत्या डोळ्यांनी पाहत होत्या? स्वतःविषयीचा अभिमान त्यांनी कोठून मिळवला? हे प्रश्न आमच्याकडे फारसे विचारले गेले नाहीत. विद्रोह आम्ही आयात केला, पण विद्रोह करणाऱ्या घरातल्या स्वयंपाकघरात डोकावलो नाही.

या लेखात मी एकाच कथेविषयी लिहिणार आहे. ॲलिस वॉकरची ‘एव्हरीडे यूज’ ही ती कथा. शीर्षकाचा अर्थ साधा आहे : रोजच्या वापरासाठी. १९७३ साली ‘इन लव्ह अँड ट्रबल’ या तिच्या संग्रहात ती आली. कथा दहाबारा पानांची आहे आणि गेली काही वर्षे मी ती वर्गात शिकवते. शिकवताना प्रत्येक वेळी मी अडखळते. याचे कारण वाङ्मयीन नाही. या कथेत ज्या मुलीची चेष्टा केली आहे ती मुलगी मी आहे, असे मला वाटत आले आहे.

२

कथा सांगते ती आई. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यातली ही शेतकरी काळी बाई. हाडापेराने थोराड, पुरुषासारखी कामे करून हात राठ झालेले. तिची शाळा दुसरीतच सुटली, कारण १९२७ साली शाळाच बंद झाली. का बंद झाली, हे तिने विचारले नाही. त्या काळी काळे लोक आजच्याइतके प्रश्न विचारत नसत, असे ती सहज बोलून जाते. एवढ्या एका उद्गारात वॉकरने एका पिढीचा इतिहास सांगितला आहे.

तिला दोन मुली. थोरली डी देखणी, हुशार, हट्टी. धाकटी मॅगी घराला लागलेल्या आगीत भाजलेली. अंगावरच्या व्रणांमुळे ती मान खाली घालून, पाय ओढत चालते. डीला शिकवण्यासाठी आईने आणि चर्चने पैसे गोळा केले आणि तिला ऑगस्टा शहरी पाठवले. मॅगी घरीच राहिली. आता शिकलेली डी घरी येणार आहे म्हणून आई आणि मॅगी अंगण झाडून वाट पाहत आहेत.

डी येते ती बदलून. अंगात भडक रंगांचा पायघोळ झगा, कानांत सोन्याचे झुलते दागिने, सोबत एक लांब केसांचा मित्र. आपले नाव आता डी नसून वांगेरो आहे असे ती सांगते. ज्यांनी आपल्याला दडपले त्यांच्यावरून ठेवलेले नाव मी का वागवू, असे तिचे म्हणणे. आधी ज्या घराची तिला लाज वाटत होती, त्या घराचे ती आता फोटो घेते. प्रत्येक फोटोत घर आले पाहिजे याची काळजी घेते. लोणी घुसळण्याच्या भांड्याचे झाकण आणि रवी तिला शोभेच्या वस्तू म्हणून हव्या आहेत. त्या भांड्यात त्या क्षणीही ताक आहे. रवीच्या दांड्यावर घरातल्या माणसांच्या बोटांनी पडलेले खोलगट वळ आई पाहते.

शेवटी डी पेटीतून दोन गोधड्या काढते. आजीने तुकडे जोडलेले, आई आणि मावशीने टाके घातलेले. त्यांत आजीच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या झग्यांचे तुकडे आहेत. काडेपेटीएवढा एक निळा तुकडा यादवी युद्धात लढलेल्या पणजोबाच्या गणवेशाचा आहे. डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. पण आईने त्या मॅगीला, तिच्या लग्नात द्यायचे कबूल केले आहे. डी संतापते : मॅगी त्या रोज वापरील, पाच वर्षांत त्यांच्या चिंध्या होतील! आई म्हणते, मग ती नव्या शिवील, तिला शिवता येते. मॅगी दारातून हळूच म्हणते की, घेऊ दे तिला; आजीची आठवण ठेवायला मला गोधडी लागत नाही. आणि मग आयुष्यभर थोरलीला कधी ‘नाही’ न म्हणालेली ती आई डीच्या हातातून गोधड्या हिसकावून मॅगीच्या मांडीवर टाकते. तुम्हाला तुमचा वारसाच कळत नाही, असे सुनावून डी काळा चष्मा लावते आणि निघून जाते. अंगणात त्या दोघी बसून राहतात.

३

या कथेवरची रूढ समीक्षा सोपी आहे. आई आणि मॅगी खऱ्या, डी खोटी. वारसा जगायचा असतो, मिरवायचा नसतो. हे वाचन चूक नाही, पण अपुरे आहे. पुष्कळ समीक्षकांनी कथेतली एक जागा ओझरतीच पाहिली आहे, आणि माझ्या मते कथेचे मर्म तेथेच आहे.

सुरुवातीला आई एक स्वप्न सांगते. दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमात यशस्वी मुलांची त्यांच्या आईबापांशी अचानक भेट घडवून आणतात, तशी आपली आणि डीची भेट होते आहे असे ते स्वप्न. त्या स्वप्नात आई शंभर पौंडांनी बारीक झालेली असते, तिची कातडी उजळलेली असते, केस चकाकत असतात आणि ती चटपटीत बोलत असते. म्हणजे मुलीला आई जशी हवी आहे तशी ती असते. जागी झाल्यावर तिला आठवते की गोऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याची आपली छाती कधी झालेली नाही.

काळ्या स्त्रीच्या आत्मप्रतिमेचा प्रश्न येथे उघडा होतो. तिला आरसा कोण दाखवते? केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे काळी आणि गोरी अशा बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले होते. पुष्कळ काळ्या मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालात या अभ्यासाचा आधार घेतला गेला. पुढे १९७० साली टोनी मॉरिसनने ‘द ब्लूएस्ट आय’ या पहिल्याच कादंबरीत निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करणारी पिकोला ही मुलगी उभी केली. पिकोलाची आई पॉलीन गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते. मालकांच्या स्वयंपाकघरात पिकोलाच्या हातून गरम पदार्थ सांडतो, तिचे पाय भाजतात. पॉलीन तिलाच मारते आणि घाबरलेल्या गोऱ्या मुलीला जवळ घेऊन समजावते. आत्मप्रतिमा म्हणजे केवळ रंगाची, केसांची आणि पावडरीची बाब असती, तर ती सोपी होती. मॉरिसनने दाखवले की प्रतिमा मोडते ती मजुरीच्या जागी, मालकाच्या स्वयंपाकघरात. जिचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या मुलांसाठी विकत घेतला जातो, तिला स्वतःच्या मुलीकडे प्रेमाने पाहण्याची नजरही उरत नाही.

वॉकरची आई पॉलीनप्रमाणे मोडलेली नाही. तिचे स्वप्न गोऱ्या रंगाचे असले तरी तिचे जागेपण स्वतःचे आहे. डुक्कर मारून साफ करण्याची ताकद आपल्या अंगात आहे हे ती अभिमानाने सांगते. आरशात न सापडणारा अभिमान तिला हाताच्या कामात सापडतो. गोधडी हिसकावून घेतानाचा तिचा हात आणि मालकापुढे कधी न उचललेला तिचा डोळा या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे त्या शेवटाची किंमत कळते. वारसा म्हणजे काय, याचा निर्णय या बाईने पहिल्यांदाच स्वतः घेतला आहे.

खुद्द वॉकरला हा प्रश्न अंगावर भोगावा लागला होता. तिचा जन्म १९४४ सालचा, जॉर्जिया राज्यातल्या ईटनटन गावचा. आईबाप दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे, आठ मुलांतली ही धाकटी. आठ वर्षांची असताना भावाच्या छर्‍याच्या बंदुकीने तिचा उजवा डोळा गेला. डोळ्यावर पांढरा डाग पडला आणि चुणचुणीत पोर खाली मान घालून वावरू लागली. मान खाली घालणारी मॅगी कोठून आली, हे यावरून कळते. आणि ‘वांगेरो’ हे आफ्रिकी नावही वॉकरला स्वतःला मिळालेले होते, ते आपल्याला आवडते असेही तिने सांगितले आहे. आई आणि दोन्ही मुली मिळून एकच व्यक्ती आहे, अशा अर्थाचे तिने एका मुलाखतीत म्हटले आहे. म्हणजे लेखिका डीवर दुरून दगड मारत नाही. आपल्यातलीच एक दुसरीशी भांडते आहे, हे ती जाणते.

४

तरीही एका मुद्द्यावर मला वॉकरशी वाद घालावा लागतो. तो मुद्दा नावाचा.

कथेत डीचे नाव बदलणे हास्यास्पद ठरते. आई तिला समजावते की तुझे नाव मावशीवरून ठेवले, मावशीचे आजीवरून. यादवी युद्धाच्या पलीकडेही ते नाव नेता येईल. वाचक आईच्या बाजूने हसतो. माझ्या वर्गातही मुले हसतात. पण ज्या समाजाने १९५६ साली नागपूरला आपला धर्म बदलला, ज्या समाजातल्या कित्येक घरांनी जात सांगणारी आडनावे टाकली, आणि ज्यांच्या आजोबांची नावेच मुळी अपमान म्हणून ठेवली गेली होती, त्या समाजातल्या वाचकाने येथे हसावे का? नाव बदलणे हे आमच्याकडे नाटक नव्हते. शाळेच्या हजेरीत नाव पुकारले जाताना मान वर राहावी यासाठी दिलेली ती लढाई होती.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे संबोधून भाषण केले. लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून आणि गळ्याहातात भरलेल्या ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, ती तऱ्हा आणि ते दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. आणि बायकांनी ते टाकले. ते लुगडे, ते दागिने आज कुणी संग्रहालयात मांडले तर त्याखाली ‘पारंपरिक वेशभूषा’ असे लिहितील. पण आमच्या आज्यांनी आत्मसन्मान मिळवला तो ती परंपरा अंगावरून उतरवून. घर जळत असताना डी लांब झाडाखाली उभी राहून पाहत होती आणि त्या घराचा तिला तिटकारा होता, म्हणून तिला दोषी धरताना आम्ही हे विसरता कामा नये. दारिद्र्याचा तिटकारा येणे हा गुन्हा नाही. खरे तर तो पहिला विद्रोह आहे.

रंगभेद आणि जातिभेद एकच आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांची यंत्रणा वेगळी, इतिहास वेगळा. काळ्यांची मूळ नावे गुलामांच्या बाजारात हिरावली गेली. आमची नावे गावगाड्याने बिघडवली. पण नावाने माणूस बांधला जातो हा अनुभव दोन्हीकडे आहे, आणि त्या अनुभवावरून मला असे वाटते की डीचा नकार बरोबर होता. तिची चूक पुढे झाली. जे लादलेले होते ते टाकताना तिने जे घडवलेले होते तेही आधी टाकले. कॉलेजला जाताना आईने देऊ केलेली गोधडी तिने जुनाट म्हणून नाकारली होती. मग काळ बदलला, गोधडीला प्रतिष्ठा आली, तेव्हा ती वस्तू म्हणून परत मागितली. शिवणे मात्र ती शिकली नाही.

जे लादले गेले आणि त्या लादलेल्यातून ज्या हातांनी काही घडवले, या दोहोंत भेद केला पाहिजे. वाट्याची शेती लादलेली होती, गोधडी घडवलेली. चिंधी हे दारिद्र्य; टाका ही कला. आमच्याकडे मेलेले ढोर ओढणे लादलेले होते, ते आम्ही सोडले. जात्यावरची ओवी आईने घडवली, ती सोडण्याचे कारण नव्हते. दैनंदिन जगण्यातून प्रेरणा घ्या, असे सांगणाऱ्याने हा भेद केला नाही तर तो दारिद्र्याचेच कौतुक करत बसतो.

५

हा भेद वॉकरला चांगला कळत होता, याचा पुरावा तिच्या दुसऱ्या एका लेखात सापडतो. ‘इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स’, म्हणजे आमच्या आयांच्या बागांच्या शोधात, हा लेख १९७४ साली प्रसिद्ध झाला. गुलामगिरीत ज्यांना लिहिणे-वाचणे हाच गुन्हा होता, त्या स्त्रियांमधली निर्मितीशक्ती गेली कोठे, असा प्रश्न ती विचारते. कित्येकींची ती आतल्या आत मेली, त्यांना वेड लागले, हे ती आधी सांगते. मग आपल्या आईकडे वळते. ही आई शेतात नवऱ्याच्या मागे नव्हे, बरोबरीने राबे. घरातल्या सगळ्यांचे कपडे, चादरी शिवी; हिवाळ्यात गोधड्या शिवी. आणि उरलेल्या वेळात, जेथे राहावे लागेल तेथे, खडकाळ जमिनीतही पन्नासहून अधिक जातींच्या झाडांची बाग फुलवी. अनोळखी माणसे ती पाहायला येत.

पण या लेखाची आठवण काढणारे बहुतेकजण फुलांपाशी थांबतात. त्याच लेखात आईच्या संतापाचाही उल्लेख आहे. तुझ्या पोरांना शाळेची काय गरज, असे सुचवणाऱ्या गोऱ्या जमीनमालकाशी ही आई भांडत असे. बाग आणि हे भांडण एकाच बाईचे आहे. भांडण वगळून बाग सांगितली की तिचे कॅलेंडर होते. पुढे वॉकरने काळ्या स्त्रियांच्या जाणिवेला ‘वुमनिस्ट’ हा शब्द दिला, तोही तिने पुस्तकातून आणला नाही. आगाऊपणा करणाऱ्या पोरीला दक्षिणेतल्या काळ्या आया जे बोलत, त्या बोलण्यातून तो उचलला.

त्याच लेखात वॉकर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील एका गोधडीविषयी लिहिते. त्या गोधडीवर येशूच्या क्रूसाचे चित्रण आहे आणि ती एका अनामिक काळ्या स्त्रीने केली असे तेथे नोंदले आहे, असे ती सांगते. अभ्यासक ही गोधडी हॅरिएट पॉवर्सची मानतात. पॉवर्स १८३७ साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मली. बायबलमधल्या प्रसंगांची तिची गोधडी १८८६ साली अथेन्स गावच्या प्रदर्शनात लागली. तेथे एका गोऱ्या कलाशिक्षिकेने ती विकत मागितली. पॉवर्सने दिली नाही. पुढे दिवस वाईट आले. १८९१ साली पॉवर्स ती गोधडी घेऊन स्वतः त्या बाईच्या दारी गेली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. विकल्यानंतरही ती आपली गोधडी पाहायला त्या घरी जात असे. आज ती राष्ट्राची ठेव आहे. वारसा कुणाचा, हा प्रश्न विचारताना या पाच डॉलरचा हिशेब मध्ये आलाच पाहिजे.

व्यक्तीची ही गोष्ट एका अख्ख्या वस्तीचीही आहे. अलाबामा राज्यात विलकॉक्स परगण्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाची काळ्यांची वस्ती आहे. तिथल्या कितीतरी कुटुंबांचे आडनाव आजही पेटवे आहे, म्हणजे ज्या मळेवाल्याने त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवले त्याचेच. डीचा नावाविषयीचा संताप येथे आठवावा. या वस्तीतल्या स्त्रिया फाटलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. मिसूरी पेटवे या बाईने नवरा वारल्यावर १९४२ साली त्याच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि तीच पांघरता यावी म्हणून. गुडघ्याशी विटलेली विजार, खिसा उसवल्याची गडद खूण हे सारे त्या शिवणीत तसेच आहे.

१९६०च्या दशकात ही वस्ती मताचा हक्क मागू लागली. १९६२ साली परगण्याच्या गावाला जाणारी नदीवरची नाव बंद करण्यात आली. मतदार नोंदणीला पलीकडे जायचे तर मैलोगणती वळसा पडू लागला. ती नाव पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. १९६५च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग तेथे येऊन गेले. मतदानासाठी नाव नोंदवले म्हणून कुटुंबे जमिनीवरून हाकलली गेली. अशा दिवसांत, १९६६ साली, त्या भागातल्या स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. गोधड्या विकून येणारा पैसा बायकांच्या हाती पडू लागला. संस्थेने जमीन घेतली आणि हाकललेल्या काही कुटुंबांना तेथे घरासाठी जागा दिली. गोधडी अंगावरून उतरली आणि जमिनीचा कागद झाली, असे म्हणावे लागते.

पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. २००७ साली काही शिवणाऱ्या स्त्रियांनी आपल्या कामाच्या पैशावरून न्यायालयात दावे लावले. पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले. भिंतीवर टांगलेल्या वस्तूचे मोल वाढते, तेव्हा ते कुणाच्या पदरात पडते, हा मॅगीच्या आईचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. भिंतीला माझा विरोध नाही. भिंतीवर नाव कुणाचे आणि पैसा कुणाचा, एवढेच विचारले पाहिजे.

६

आता माझे सांगते, कारण ते न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या घरात बी.ए. होणारी मी पहिली. माय रोजंदारीने दुसऱ्याच्या शेतात जाई. पावसाळ्यात काम नसले की दारात बसून वाकळ शिवी. नोकरी लागून मी तालुक्याच्या गावी खोली केली तेव्हा तिने एक वाकळ दिली. सहकारी घरी यायचे असले की मी ती पलंगाखाली ढकलत असे. काही वर्षांनी आमच्या महाविद्यालयात लोकसंस्कृतीचे प्रदर्शन भरले. तोवर मी वॉकर वाचली होती, शिकवतही होते. मी मोठ्या अभिमानाने तीच वाकळ नेऊन दिली. आठवडाभर ती भिंतीवर होती. खाली चिठ्ठी होती : ‘पारंपरिक गोधडी, मराठवाडा’. आणि त्याखाली ‘सौजन्य’ म्हणून माझे नाव. मला त्यात काहीच वावगे दिसले नाही.

फोटो घरी दाखवला तेव्हा माय हसून म्हणाली, ‘‘भिताडाला काय थंडी वाजती व्हय गं?’’ धाकटी बहीण हसली नाही. तिने फोटो बोटांनी मोठा करून चिठ्ठी वाचली. नववीपर्यंतच शिकली ती. माझ्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते, म्हणून दहावीला तिचे नाव घातले नव्हते. ती म्हणाली, ‘‘अक्का, ह्यात मायचं नाव कुठं हाय?’’

पॉवर्सचे नाव नसलेली ती नोंद मी वर्गात संतापाने सांगत असे. आणि त्याच हाताने मी मायचे नाव पुसले होते.

म्हणून डीची गोष्ट शिकवताना मी आता मुलांना वेगळा प्रश्न विचारते. डी खोटी आहे की खरी, असा तो प्रश्न नाही. डीच्या शिक्षणाचे पैसे कुणी भरले, आणि त्या वेळी मॅगी कोठे होती, असा तो आहे. वर्ग गप्प होतो. पहिल्या पिढीचे पदवीधर बाकाबाकावर बसलेले असतात, आणि प्रत्येकाच्या मागे घरी कुणी तरी राहिलेले असते; बहुधा बहीण.

आमच्या साहित्यात या दिशेने काम झालेले नाही असे नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आहे. उर्मिला पवार यांनी २००३ साली आलेल्या आत्मकथेला ‘आयदान’ हे नाव दिले. बांबूची आयदाने विणणाऱ्या आईच्या हाताशी आपल्या लिहिण्याचे नाते त्यांनी जोडले. वॉकरच्या लेखाशेजारी ठेवून ‘आयदान’ वाचावे, असे मी अभ्यासकांना सुचवीन. दोन्हीकडे आईच्या हाताला लेखनाचा पूर्वज मानले आहे. पण आमच्या समीक्षेने मात्र अजून विद्रोहाची व्याख्या घोषणेपुरती ठेवली आहे. टाका, विणकाम, ओवी यांकडे ती एक तर ‘लोकसंस्कृती’ म्हणून पाहते, नाही तर पाहतच नाही. आत्मकथा वाचताना आईचे कष्ट आम्ही करुण रसाचा पुरवठा म्हणून वापरतो. त्या कष्टांत निर्णय होता, निवड होती, रंगांची जाण होती, आणि मालकाशी भांडण होते, याची नोंद घेत नाही.

ती नोंद घेण्याचे काम तुम्हा-आम्हा शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे आहे. प्रत्येक महाविद्यालयात दरवर्षी कसली ना कसली प्रदर्शने भरतात. यंदा मुलांनी घरून काही आणले, तर खाली करणारीचे नाव, गाव, आणि त्या काळी तिला मिळणारी रोजची मजुरी लिहावी. एवढे केले तरी पुष्कळ होईल. माझ्यापुरते सांगायचे तर वाकळ मी परत आणली आहे आणि हिवाळ्यात पांघरते. तिचा एक कोपरा उसवला आहे. बहिणीने टाका घालायला शिकवले. माझे टाके अजून वाकडे पडतात, आणि ती ते उसवायला लावते.